सोड म्हटल्यावर

"काका, पेंग्विन सोडा."

मी सोडला नाही.

"तुम्ही त्याला धरलेलं नाहीये, त्याचा गळा दाबताय. सोडा म्हणते ना."

रेवती सबनीस तेव्हा पंचवीस-सव्वीस वर्षांची असेल. ती माझ्या पुढ्यात बर्फावर उलटी सरकत होती, मागे न बघता, जांभई देत. आणि मी, चव्वेचाळीस वर्षांचा बाप्या, एका प्लॅस्टिकच्या पेंग्विनच्या दोन्ही दांड्या आवळून तिच्या मागून घसटत चाललो होतो. हे पेंग्विन चार-पाच वर्षांच्या पोरांना आधाराला म्हणून असतात. माझ्या कमरेपर्यंत कसाबसा यायचा, त्यामुळे वाकून वाकून पाठीचा काटा ढिला झाला होता.

"मी तीन म्हटलं की दोन्ही हात वर. एक, दोन, तीन, सोडा!"

माझी बोटं आणखी आवळली. पेंग्विन पुढे गेला, पाय मागे राहिले आणि मी पेंग्विनसकट आडवा झालो. रेवतीने उठवायला हात दिला नाही. तो तिचा नियमच होता.

"गुडघ्यावर या. एक पाऊल पुढे. हात मांडीवर. उठा."

मी उठलो. पँट ओली, कोपर सोललेलं, तळपायांत बुटांनी कळ लावलेली.

"आधार असला की अख्खी रिंक फिरता तुम्ही," ती म्हणाली. "गुडघे वाकतात, तोल आहे. लिंबू तर माझ्या पोरांपेक्षा छान काढता." लिंबू म्हणजे दोन्ही पाय फाकवत न्यायचे आणि परत जवळ आणायचे. बर्फावर लिंबासारखा आकार उमटतो. "फक्त सोडा म्हटलं की तुमचं काहीतरी होतं. काय होतं?"

"वय झालं."

"माझ्याकडे साठीच्या बाई शिकून गेल्यात. वयाचं मला सांगू नका."

 घड्याळात पावणेदहा झाले होते. दहाला तिची शिकवणीची पोरं येणार होती आणि मला खाली जाऊन यंत्रांची नोंदवही भरायची होती.

ठाण्याच्या पुढे घोडबंदर रस्त्यावर एका मॉलमध्ये तिसऱ्या मजल्यावर ही स्केटिंगची रिंक होती. लग्नाच्या हॉलाएवढी. मी तिथे यंत्रं सांभाळायला होतो, कंप्रेसर, पंप, बर्फाखालच्या नळ्या. रत्नागिरीला बंदराजवळच्या बर्फाच्या कारखान्यात उमेदीची वर्षं घालवलेली, तेव्हा बर्फातलं मला कोणी काही शिकवावं असं राहिलेलं नाही, असा माझा समज होता. इथे आल्यावर पहिल्याच दिवशी कळलं की हे लोक बर्फ गुळगुळीत करायला त्यावर गरम पाणी ओततात. मी दोन दिवस विश्वास ठेवला नव्हता.

आमचा बर्फ वेगळा. आमचा मासळीवर पडायचा. माणसाच्या दुप्पट वजनाची एकेक लादी, डब्यातून निघाली की वरच्या फलाटावर यायची. तिथून लाकडी फळीच्या घसरणीवरून खाली गाडीत. वरचा माणूस लोखंडी आकड्याने लादी अडवून धरायचा. खालचा तयार झाला की ओरडायचा, "सोड!" लादी सुसाट खाली जायची. खालचा ती वळवून गाडीत घ्यायचा आणि पुन्हा ओरडायचा, "पोचली!" मग वरच्याने पुढची अडवायची. या दोन आरोळ्यांवर सगळं काम चाले. वर मी असायचो, खाली माझा थोरला भाऊ मनोहर. मी त्याला दादा म्हणतो.

कारखान्यातला आणखी एक नियम म्हणजे बर्फावर पाय उचलायचा नाही. चपलेला गोणपाट बांधायचं आणि घासत चालायचं. ज्याने पाय उचलला तो गेला.

या गोणपाटानेच माझा घात केला. एका रविवारी रिंक गिऱ्हाइकांनी भरलेली असताना एका कोपऱ्यात खाच पडली. पोरं अडकून पडायला लागली. मी आपला सवयीप्रमाणे बुटांना गोणपाट गुंडाळलं, बादलीत बर्फाचा चुरा आणि पाणी घेतलं आणि गर्दीतून घासत जाऊन खाच बुजवली. काम एक नंबर झालं. पण मी गेलो त्या वाटेवर गोणपाटाचे धागे पडले, ते बर्फात गोठले आणि एका मुलीच्या बुटाचं पातं त्यात अडकून ती तोंडावर आपटली. दात वाचले, ओठ फुटला. तिच्या बापाने माझा व्हिडिओ काढला होता, वाकलेला मी, पायाला पोती, हातात बादली.

"नागवेकर, हा काय मासळी बाजार आहे?" आमचे मॅनेजर गुप्ते साहेब म्हणाले. "पंधरा दिवसांनी शनिवारी मी स्वतः बघणार. एक फेरी, आधार न घेता. शेवटी थांबून दाखवायचं. बर्फावर उतरणाऱ्या प्रत्येक माणसाला स्केटिंग आलंच पाहिजे. नाही आलं तर दुसरा माणूस बघतो."

माणूस वाईट नव्हता. त्यालाही वर कुणीतरी होतं. पण इथे माझ्या घराचा प्रश्न होता. कळव्याच्या आमच्या दोन खोल्यांत मी, बायको शुभांगी आणि दादा. शुभांगी पोळीभाजी केंद्रात सकाळपासून पोळ्या लाटायची. दादाचा डावा पाय गुडघ्याखाली काढलेला. मी घरी बसलो असतो तर घरात बसलेली माणसं दोन झाली असती, आणि उभी एकच.

तेव्हा मी शिंगं मोडून वासरांत शिरलो. रेवतीने आपण होऊन सांगितलं की मुलांच्या आधी तासभर येत जा, मी शिकवते. याचं तिला काही मिळणार नव्हतं. दिवसाला पाच तुकड्या घेऊन ती स्वतःच मेटाकुटीला आलेली असायची. कठड्याला टेकली की तिचे डोळे मिटायचे.

"मॅडम, तुम्ही झोपा, मी पेंग्विन फिरवतो," मी एकदा म्हणालो.

"बर्फावर झोपायचं नसतं, काका," ती डोळे न उघडता म्हणाली.

 ते वाक्य दिवसभर डोक्यातून गेलं नाही.

अकरा दिवस असे गेले. पहाटे उठायचं, बस पकडायची, तासभर पडायचं, मग दहा तास यंत्रांच्या खोलीत उभं राहायचं. घरी आलो की भाकरी तोडायलाही हात उचलत नसे. पडायला शिकलो, उठायला शिकलो. गुडघे वाकवून, कुल्ल्यावर, एका अंगावर कसं पडायचं ते शिकलो. पाय उचलायलासुद्धा शिकलो, वीस वर्षांची सवय मोडून. पण पेंग्विन काही सुटेना. त्या दिवशी पेंग्विनसकट आपटलो, तो अकरावा दिवस होता. बुधवार. पुढे दोनच सकाळी उरल्या होत्या.

संध्याकाळी घरी जाऊन मी जाहीर केलं, "मी सोडतोय ही नोकरी. गुप्ते काढेल त्याआधी मीच सांगतो."

शुभांगी भाजी निवडत होती. तिने वर पाहिलं आणि पुन्हा खाली. "आणि मग?"

"मग बघू. पहारेकऱ्याची कुठे मिळेल."

"उभ्यानेच ना तीही? पायांचे काय हाल झालेत बघा तुमच्या."

दादा खाटेवर भिंतीला टेकून बसला होता. त्याने रेडिओचा आवाज बारीक केला. "कुटं अडलाय तुझा?"

"काही नाही. वय झालं."

"मी तुझ्याहून पाच वर्सांनी मोठा. मना वय सांगू नको. कुटं अडलाय?"

"ती पोरगी म्हणते हात सोडा. सुटत नाहीत."

 दादाने रेडिओ बंदच केला.

"उद्या मी येतंय."

"कुठे?"

"तुझा तो बर्फ बगायला. इतकी वर्सा झाली, बर्फ बगितला नाय."

"दादा, तिसऱ्या मजल्यावर आहे."

"लिफ्ट नाय काय एवढ्या मोठ्या मॉलात?"

शुभांगी म्हणाली, "न्या ओ. कंटाळलेत ते घरात."

मला त्याला न्यायचं नव्हतं. बर्फ आणि दादा ही दोन्ही मला एका जागी नको होती. दादाचा पाय लादीखाली सापडला तेव्हा वर मीच होतो. खालून मनोहर नागवेकर याने आवाज दिल्यावर वरील इसमाने लादी सोडली, परंतु मनोहर याचा पाय घसरल्याने तो घसरणीवर पडला, असं पंचनाम्यात आहे. कारखान्यात सगळ्यांनी तेच धरलं. दादाने दवाखान्यात त्याच कागदावर सही केली. पुढे कारखाना बंद पडला, आई गेली, मी दादाला घेऊन ठाण्याला आलो. त्या दिवसाबद्दल आम्ही दोघं एकमेकांशी कधी बोललो नाही.

गुरुवारी सकाळी रिक्षाने आलो. मॉल अजून उघडायचा होता. फरशा पुसणाऱ्या बायका दादाच्या कुबड्यांना वाट देत बाजूला सरकल्या. रिंकच्या कठड्याशी पोचल्यावर दादा वाकला आणि त्याने बर्फावर पालथा हात ठेवला. मग तो हात नाकाशी नेला.

"वासच नाय रे ह्याला."

"मासळी नसते ना."

"मग कशाला करतात?"

रेवतीला हसू आलं. "नाचायला, काका."

"ह्यो नाचणार?" दादाने माझ्याकडे बोट केलं. "आमच्या होळीत पण कधी नाचला नाय."

मी बूट बांधले, पेंग्विन ओढला आणि रिंकवर गेलो. एक फेरी मारली, दुसरी मारली. रेवती म्हणाली, "सोडा." मी सोडला नाही. ती पुन्हा म्हणाली. मी पुन्हा आवळला. दादा कठड्यावर कोपरं ठेवून बघत होता. त्याच्यासमोर मला फार लाज वाटली.

"मॅडम," दादाने हाक मारली. "तो बाहुला काढा मधून. त्याच्या जागी मना बसवा."

"काय?"

"खुर्ची असेल ना एकादी? मी बसतो. तो ढकलेल."

"बर्फावर बूट नसलेल्या माणसाला आणायचं नसतं. गुप्ते सरांनी बघितलं ना, तर यांच्या आधी माझी नोकरी जाईल."

"गुप्ते किती वाजता येतो?"

"साडेदहाला," मी म्हणालो. "पण दादा, नको. नको म्हणतो ना मी!"

मी ओरडलोच. रेवती माझ्याकडे बघत राहिली. मग तिने दादाकडे पाहिलं, त्याच्या दुमडून पिन लावलेल्या पायजम्याकडे पाहिलं. काय समजायचं ते ती समजली असावी. ती खाण्याच्या दुकानांकडे गेली आणि हात असलेली एक प्लॅस्टिकची खुर्ची घेऊन आली.

आम्ही दोघांनी दादाला उचलून खुर्चीत बसवलं. कुबड्या कठड्याला टेकवल्या. मी खुर्चीची पाठ धरली. पेंग्विनपेक्षा ती उंच होती, त्यामुळे मला पहिल्यांदाच ताठ उभं राहता आलं.

"दोन्ही हातांनी धरून बसा, काका," रेवती दादाला म्हणाली. "मी त्या टोकाला थांबते."

"ढकल," दादा म्हणाला.

मी ढकललं. खुर्ची अलगद निघाली. दादाचं वजन पुढे होतं, त्याने मला ओढून नेल्यासारखं झालं. पाती बर्फावर बारीक चरचरत होती. दादाच्या डोक्यावरचे केस विरळ झालेत, हे मला वरून दिसलं. घरात मी त्याच्या पायाशीच बसायचो, वरून कधी बघितलं नव्हतं.

अर्धी रिंक ओलांडली तेव्हा तो म्हणाला, "विलास, त्या दिवशी मी सोड म्हटला नव्हता."

माझे पाय चालत राहिले. थांबायला मला अजून येत नव्हतं.

"ऐकलंस काय?"

"ऐकलं."

"गाडीतली आदीची लादी सरळ करीत व्हतो मी. पाठ तुझ्याकडे. तोंड उगडला नव्हता."

"नव्हता उघडलास," मी म्हणालो.

अकरा वर्षांत हे मी प्रथम मोठ्याने बोललो. हवालदाराने विचारलं तेव्हा मीच सांगितलं होतं की दादाने आवाज दिला. दादा तेव्हा शुद्धीवर नव्हता. शुद्धीवर आला, त्याला कागद वाचून दाखवला, त्याने पेन मागितलं. मी दाराशी उभा होतो. तो माझ्याकडे बघेल आणि सगळं सांगून टाकेल म्हणून वाट बघत होतो. त्याने बघितलंच नाही.

"मला झोप लागली होती," मी म्हणालो. "उभ्या उभ्या. आकडा हातात होता, डोळे उघडले तेव्हा लादी नव्हती. दादा, मला झोप लागली रे."

खुर्ची कठड्याकडे चालली होती. मी कशीबशी वळवली. रेवती दूर दुसऱ्या टोकाला होती, तिला काही ऐकू जात नव्हतं.

"ठाव हाय मना," दादा म्हणाला. "नारळी पुनवेनंतरची गर्दी. सगळ्या होड्यांना बर्फ पायजे. तुझी एक पाळी झालेली, तू घरी जातो म्हणत व्हतास. मीच म्हटला, अजून एक मार. दोगांची हजेरी लागंल. तुझे डोळे तेव्हाच मिटत व्हते. मना दिसत व्हते."

"मग इतकी वर्षं बोलला का नाहीस?"

"राग व्हता."

"माझा?"

"तुझा. मग कोणाचा?" तो समोर बघतच बोलत होता. "सात-आठ वर्सा धरला. तू रातीचा पाय चेपायला बसायचास ना, तेव्हा जास्तच यायचा. वाटायचा, ह्याला लाथ घालावी. घालणार कशाने? मग दमलो. राग धरायला पन अंगात जोर लागतो, विलास. माझा संपला. तुझ्याकडे बगितला तर तू पन दमलेला. म्हटला, दोन दमलेली माणसा, कोण कोणाला बोलणार?"

मला रडू फुटलं. बर्फावर रडायची मोठी पंचाईत. डोळे पुसायला हात मोकळा हवा, आणि हात तर खुर्चीला चिकटलेले. नाक, डोळे सगळं वाहत होतं आणि पाय आपले लिंबू काढत होते.

शनिवारी मी पास झालो, हे आत्ताच सांगून टाकतो. गुप्ते साहेबांनी हातातला फोन खाली न ठेवता माझी फेरी बघितली, मी त्यांच्यापासून हातभर अंतरावर दोन्ही टाचा फाकवून बर्फ खरवडत थांबलो, आणि ते म्हणाले, "ठीक आहे." त्या नोकरीवर मी पाच वर्षं काढली. मग रिंकच बंद झाली. रेवती लग्न होऊन लांब गेली, दिवाळीला तिचा फोन येतो. दादा जाऊन येत्या आषाढात तीन वर्षं होतील. झोपेतच गेला. शुभांगी म्हणते, सुखाने गेले.

पण गुरुवारी अजून आम्ही रिंकवर होतो. दुसरी फेरी संपत आली होती. समोर पंधरा-वीस पावलांवर रेवती कठड्याला पाठ लावून, दोन्ही हात पुढे करून उभी होती.

"ती पोरगी धरंल ना मना?" दादाने विचारलं.

"धरेल."

"मग आता बग. मी सोड म्हणेन. म्हटल्याशिवाय सोडायचा नाय. समजला?"

"समजलं."

मी वाट बघू लागलो. हात भरून आले होते, बोटांना मुंग्या आल्या होत्या. त्या दिवशी फलाटावर हात असेच झाले होते. खुर्ची सरळ झाली. दादाने बैठक सावरली, दोन्ही हातांनी खुर्चीचे हात धरले. रेवती म्हणाली, "या." दादा काही बोलला नाही. मी धरून राहिलो. डोळे मी टक्क उघडे ठेवले होते.

"सोड!"

बंदरावरचा तोच आवाज. मॉलच्या काचा दणाणल्या. फरशा पुसणाऱ्या बायकांनी माना वर केल्या. माझी बोटं उघडली.

खुर्ची माझ्यापासून निघून गेली. मध्ये बर्फ वाढत गेला, एक हात, दोन हात, चार. मी कशालाही धरलेलं नव्हतं. रेवती एक पाऊल पुढे आली, तिने खुर्चीचे दोन्ही हात पकडले, थोडी मागे रेटली गेली आणि थांबली.

दादाने मागे वळून बघितलं नाही. त्याने उजवा हात डोक्यावर नेला आणि त्याच आवाजात ओरडला, "पोचली!"

मी अजून सरकतच होतो.